मोठं इंजिन बसवल्यावर गाडी सारखी तापते? नवा रेडिएटर घेण्याआधी हे तपासा

छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन बसवलं की पहिले काही दिवस सगळं सुरळीत जातं आणि मग तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो. कूलंट टॉप-अप केलं, हवा काढली, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. मग मोठा रेडिएटर येतो. तोही पुरत नाही म्हणून त्याहून जाड येतो. शेवटी कोणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडपच, काढून टाकतं, आणि गाडी तापायची ती तापतेच.

खाली उदाहरणासाठी मझ्दा एमएक्स-५, म्हणजे मियाटा, आणि तीत बसवलेलं जनरल मोटर्सचं एलएस-१ व्ही-८ ही जोडी घेतली आहे. ५.७ लिटर, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा आलेलं हे इंजिन अशा स्वॅपसाठी, म्हणजे इंजिन बदलण्यासाठी, भरपूर वापरलं जातं. इंजिन दुसरं असेल तर आकडे थोडे बदलतील, तपासाचा क्रम तोच राहील.

आधी थोडं गणित, कारण अर्धी दिशाभूल इथेच होते. मियाटाच्या मूळ १.६ लिटर इंजिनाची ताकद ११६ हॉर्सपॉवरच्या आसपास, कॉर्व्हेटमधल्या एलएस-१ ची ३४५. म्हणजे तिप्पट. त्यावरून ‘रेडिएटरही तिप्पट हवा’ असं वाटणं साहजिक आहे. पण ताशी १०० च्या स्थिर वेगाने सपाट रस्त्यावर जायला गाडीला लागते ती साधारण १५ किलोवॅट ताकद, मग बोनेटखाली चार सिलिंडर असोत की आठ. मोठ्या इंजिनात घर्षण थोडं जास्त, एवढाच काय तो फरक. तेव्हा संथ चालवतानाही गाडी तापत असेल, तर रेडिएटर लहान असणं हे बहुधा कारण नसतंच. रेडिएटरचं माप खरोखर आड येतं ते ट्रॅकवर किंवा लांब चढावर, जिथे पाय सलग मिनिटभर खाली राहतो.

खरंच तापते का?

हे आधी ठरवा. मियाटाचा मूळ गेज आणि एलएस-१ चा सेन्सर यांचं गणित एकमेकांशी जुळत नाही. गेजला मूळ एका वायरचा सेंडर लागतो, एलएस-१ च्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, दोन वायरचा सेन्सर. ईसीयूचा सेन्सर डाव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढच्या टोकाला असतो. तो काढून मल्टिमीटरवर तपासता येतो: २० अंश सेल्सिअसला साधारण ३५०० ओहम, ८० ला ३३०, ९० ला २४०, १०० ला १७७. भांड्यात पाणी तापवून तीन ठिकाणी वाचन घेतलं की सेन्सरचा प्रश्न मिटतो.

फॅन सुरू झाल्याबरोबर काटा एकदम उडी मारत असेल, तर ती उष्णता नव्हे. गेजच्या सेंडरचं अर्थिंग आणि फॅनचं अर्थिंग एकाच खराब जोडावरून जातंय. इंजिन ब्लॉक ते बॉडी अशी वेगळी जाड पट्टी टाका. इंजिन बसवताना मूळ पट्टी कुठेतरी राहून जाते, हे फार वेळा दिसतं.

इन्फ्रारेड गनने तपासत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती बरंच कमी तापमान दाखवते. मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर गन धरा.

आणि ‘जास्त’ म्हणजे किती? पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं कूलंट उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १ बारच्या कॅपखाली १२५ च्याही पुढे जातं. कारखान्याच्या मूळ प्रोग्राममध्ये एलएस-१ चा फॅन १०८ अंशांच्या आसपास सुरू होतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये १०५ दिसलं तर इंजिन जे सांगितलंय तेच करतंय. प्रोग्राममध्ये फॅन ९६ ला चालू आणि ९१ ला बंद करा. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा, म्हणजे मूळ थर्मोस्टॅटच्या ८६ पेक्षा खाली ठेवलात तर फॅन कधी थांबणारच नाही. हा एक बदल करून तक्रार संपलेल्या गाड्या कमी नाहीत.

एका मोजमापात निम्मं निदान

रेडिएटरमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या कूलंटच्या तापमानातला फरक मोजा. रबरावर नको, धातूच्या नळीवर मोजा, आणि इंजिन १०० च्या पुढे गेलेलं असताना मोजा, म्हणजे थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असेल. अर्धवट उघड्या थर्मोस्टॅटमध्ये हा फरक मोठाच दिसतो आणि माणूस फसतो.

फरक ५ ते १० अंश असेल तर यंत्रणा साधारण ठीक चाललीय. इंजिन तापलेलं आणि फरक २० च्या वर, तर पाणी फिरत नाहीये: जे थोडं जातंय ते गार होऊन येतंय, पण पुरेसं जात नाही. इंजिन तापलेलं आणि फरक फक्त २-३ अंश, तर पाणी भरपूर फिरतंय, रेडिएटर उष्णता टाकत नाहीये, म्हणजे हवेचा दोष. फरक २० च्या वर असेल तर पंप, होज, एअर लॉक (अडकलेली हवा) पाहा. २-३ अंशच असेल तर फॅन, श्राउड (फॅनभोवतीचं आवरण), हवेचा मार्ग. हे मोजल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका.

हवा काढली तरी परत भरते

वारंवार येणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत मोठी. एलएस इंजिनाच्या दोन्ही हेडना पुढे आणि मागे वाफ बाहेर पडायला छोटी छिद्रं असतात. सुरुवातीच्या एलएस-१ मध्ये चारही कोपरे नळीने जोडलेले होते; नंतर फक्त पुढचे दोन ठेवून मागचे झाकणीने बंद केले. स्वॅप करताना ही नळी कशाला लागते म्हणून बंद करून टाकली, तर हेडच्या टोकाला वाफेचा बुडबुडा अडकतो. तिथे पाणी पोचत नाही, धातू स्थानिक तापतो, आणखी वाफ होते. सेन्सर पुढच्या बाजूला असल्याने मागच्या सिलिंडरांशी काय चाललंय ते त्याला कळतही नाही.

ही नळी नेमकी कुठे जोडायची? रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा प्रेशरच्या एक्स्पान्शन टँकमध्ये, कूलंटच्या पातळीच्या वर. बारीकच ठेवा, आतून ५-६ मि.मी. पुष्कळ झाली. जाड नळी टाकलीत तर गरम पाणी रेडिएटर टाळून तिथूनच फिरत बसेल.

दुसरा प्रश्न उंचीचा. मियाटाचं नाक खाली उतरतं आणि व्ही-८ ची हेडं उंच बसतात, त्यामुळे रेडिएटरची कॅप हा यंत्रणेतला सर्वांत उंच बिंदू राहत नाही. मग कॅपमधून कितीही भरा, वरचा भाग रिकामाच. उपाय: हेडच्या वर, शक्यतो फायरवॉलजवळ, एक ते दीड लिटरचा प्रेशर टँक. त्याच्या तळातून १९ मि.मी. ची नळी पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला, म्हणजे हीटरच्या परतीच्या लाइनला किंवा खालच्या होजला. वरून दोन बारीक नळ्या: एक हेडच्या वाफेची, एक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातली.

प्रेशर कॅप एकच, आणि ती टँकवर. रेडिएटरवर जुनी कॅप तशीच राहिली असेल तर दोहोंत जी कमी दाबाची ती आधी उघडते. शिवाय रेडिएटरच्या गरम बाजूच्या कॅपवर पंपाचाही दाब येतो, आरपीएम वाढले की ती कूलंट फेकते. रेडिएटरवर बिनस्प्रिंगची बंद कॅप लावा.

इंजिन किती कलून बसलंय तेही पाहा. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच झाली असेल, माउंटच्या गडबडीत तसं होतं, तर पुढचे दोन कोपरे पुरणार नाहीत. मागच्या झाकण्या काढून तिथेही नळीचे तुकडे बसवा आणि चारही एकत्र आणा.

भरताना व्हॅक्युम फिलर वापरा. उणे ०.८ बारपर्यंत खेचा, पाच मिनिटं थांबा. काटा हलला तर गळती आहे, ती आधी शोधा. हलला नाही तर कूलंट आत सोडा. फिलर नसेल तर गाडीचं नाक जॅकवर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, पातळी पाहा, पुन्हा करा. निघालं तेवढं कूलंट परत आत गेलं का, हे मापाच्या भांड्याने मोजा. दीड लिटर उरलं असेल तर ती दीड लिटर हवा आत आहे, दुसरं काही नाही.

हीटर काढून टाकला असेल तर पंपावरची त्याची दोन तोंडं डट्ट्याने बंद करण्याऐवजी एकमेकांना होजने जोडा. एलएस-१ चा थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला आहे. इंजिनातलं गरम पाणी फिरून त्याच्यापर्यंत आलं तरच तो वेळेवर उघडतो.

थांबल्यावर तापते, चालल्यावर उतरते

फॅन. सगळ्यात आधी दिशा. रेडिएटरच्या पुढे कागदाचा कपटा धरा, तो कोअरला, म्हणजे रेडिएटरच्या जाळीला, चिकटला पाहिजे. वायर उलटसुलट जोडली गेली की फॅन आवाज करतो, फिरतो, आणि हवा उलट्या दिशेने ढकलतो. हसू येईल, पण तपासा.

मग व्होल्टेज. १६ इंची फॅन २५ ते ३० अँपिअर ओढतो. फॅन चालू असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी फॅनच्या कनेक्टरमधल्या पॉझिटिव्हवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर बारीक आहे किंवा रिलेचा पॉइंट जळालाय. अर्थिंगच्या बाजूलाही असंच, तिथे ०.२ च्या आत हवं. ४० अँपिअरचा रिले, ६ चौरस मि.मी. वायर, फॅनला स्वतंत्र फ्यूज. मियाटाच्या मूळ फॅनच्या वायरिंगवर हा भार टाकू नका.

श्राउड नसलेला फॅन फक्त आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, कोअरचे कोपरे नुसते पाहत बसतात. श्राउड पूर्ण कोअर झाकणारा हवा आणि कोअरपासून किमान २५ मि.मी. मागे. जागा नाही ही अडचण खरी आहे, कारण व्ही-८ ची पुली रेडिएटरच्या अगदी अंगावर येते. अशा वेळी एका जाड फॅनपेक्षा दोन पातळ फॅन बरे.

वेग वाढला की तापते

याचं निदान सर्वांत जास्त चुकतं. ताशी ४० ला ९२ अंश, ९० ला १०४, वेग कमी केला की पुन्हा खाली. जास्त वेगात जास्त हवा मिळायला हवी ना? मिळते, पण रेडिएटरमधून जातेच असं नाही. हवा सोप्या वाटेने जाते: रेडिएटरच्या कडेने, वरून, खालून. आणि आत गेलेली हवा बाहेर पडली नाही तर नवी आत येत नाही.

मूळ मियाटात रेडिएटरमागची गरम हवा इंजिनाच्या बाजूने खाली आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यातून मागे निघून जायची. आता त्या बोगद्यात टी-५६ सारखा सहा गिअरचा गलेलठ्ठ गिअरबॉक्स कोंबलाय, दोन्ही बाजूंना हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्या, आहेत. हवेची वाट बुजलीय. रेडिएटर कितीही मोठा आणा, ही वाट मोकळी होत नाही.

मोजता येतं. ६ मि.मी. ची पारदर्शक नळी दोन-तीन मीटर घ्या, मधला भाग ‘यू’ आकारात फळीवर चिकटवा, रंगीत पाणी भरा, फळी केबिनमध्ये ठेवा. एक टोक कोअरच्या पुढे, दुसरं कोअर आणि श्राउडच्या मध्ये. दोन्ही टोकांना स्पंजचा छोटा तुकडा लावा, म्हणजे वारा थेट तोंडात शिरणार नाही. बंदिस्त ट्रॅकवर ताशी १०० ला शेजारी बसलेल्याने वाचन घ्यायचं, चालवणाऱ्याने नाही. या वेगात हवेचा पूर्ण दाब साधारण ४७ मि.मी. पाण्याइतका असतो. त्यातला १५-२० मि.मी. फरक कोअरवर मिळत असेल तर हवेबद्दल तक्रार नाही. पाच-सहावर अडकलं असेल तर कारण सापडलं.

आता एक टोक केबिनमध्ये मोकळं सोडून दुसरं आधी कोअरच्या पुढे, मग मागे धरा. पुढे दाबच नाही, तर हवा कडेने पळतेय: बंपरच्या तोंडापासून कोअरपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने चारही बाजू बंद करा, फटी फोमने भरा. बोटभर फटसुद्धा सोडू नका. पुढे दाब आहे आणि मागेही जवळजवळ तितकाच, तर हवा बाहेर पडत नाहीये.

बाहेर काढायला दोन गोष्टी. पहिली, बंपरपासून पुढच्या सबफ्रेमपर्यंतचा खालचा ट्रे. स्वॅप करताना सम्प (ऑइलची खालची टाकी) किंवा स्टिअरिंग आडवं येतं म्हणून तो काढतात आणि परत लावतच नाहीत. तो नसला की गाडीखालची हवा वर घुसते आणि रेडिएटरमागचा दाब वाढवते. कापून, ठोकून, कसाही, पण लावा. दुसरी, बोनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात लुव्हर, म्हणजे हवा सुटायच्या फटी, कारण तिथे वरून कमी दाब असतो. बिजागरीखाली वॉशर घालून बोनेटची मागची कड उचलणं दिसायला झकास, पण काचेच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो. तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत जाते.

श्राउडही इथे आड येऊ शकतो. फॅनच्या भोकाव्यतिरिक्त तो पूर्ण बंद असेल तर वेगात हवा त्याच्यावर आदळून थांबते. कोपऱ्यांत खिडक्या कापून रबराच्या झडपा लावा: वेगात उघडतात, थांबल्यावर फॅनच्या ओढीने बंद होतात.

फक्त जोरात चालवल्यावर

खालची होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असते. ४००० आरपीएमच्या पुढे ती चपटी होतेय का पाहा: गाडी उभी, इंजिन गरम, कोणालातरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा, हात पट्ट्यापासून लांब. चपटी होत असेल तर आत स्प्रिंग असलेली होज लावा. ३८ वरून ३२ मि.मी. वर आणणारा रिड्यूसर या बाजूला टाळा.

बेल्टचा मार्ग बदलला असेल तर पंप कोणत्या दिशेने फिरतोय ते खात्रीने पाहा. बेल्टची चुकीची बाजू पुलीला लागली की पंप उलटा फिरतो. उलटा पंपही थोडं पाणी ढकलतो, त्यामुळे आयडलवर काही कळत नाही.

मग स्कॅनर लावा आणि नॉक रिटार्ड पाहा, म्हणजे नॉक (सिलिंडरमधल्या अवेळी स्फोटाची खडखड) जाणवल्यावर ईसीयू ठिणगीची वेळ किती मागे घेतो ते. एलएस-१ चे नॉक सेन्सर व्हॅलीत, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेत, बसलेले असतात. हेडर चॅसिसला टेकलं किंवा कडक माउंट खडखडले की त्यांना तो नॉक वाटतो आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. मागे घेतलेलं टायमिंग म्हणजे कमी ताकद, जास्त उष्णता. सतत ४-५ अंश रिटार्ड दिसत असेल तर आधी काय कुठे टेकतंय ते शोधा.

ट्रॅकवर ऑइलचं तापमान १३० च्या पुढे जात असेल तर थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर हवा. पण तो रेडिएटरच्या पुढे लटकवू नका, त्याची गरम हवा पुन्हा रेडिएटरलाच मिळते.

ज्याने फरक पडत नाही

७१ अंशांचा थर्मोस्टॅट: लवकर उघडतो, रेडिएटरची ताकद वाढवत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकणं: एलएस-१ मध्ये तो पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो, काढलात तर बायपास कायम उघडा, बरंच पाणी रेडिएटर टाळून फिरतं. नुसतं पाणी भरणं: उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमला गंजरोधक लागतं. आणि इंजिन बंद केल्यावर तापमान ५-८ अंश वाढणं हा दोष नाही.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारख्या कडक होत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण टँकच्या तोंडावर धरा. पिवळं झालं तर हेड गॅस्केटमधून जळका वायू कूलंटमध्ये येतोय.

राहिली ती दर पंधरा दिवसांनी परतणारी हवा, जिथे प्रेशर टेस्टही पास होते. सिलिकॉन होज आणि साधे स्क्रू क्लॅम्प अशी जोडी असेल तर टेस्ट इंजिन पूर्ण गार असताना, सकाळी पहिल्यांदा करा. सिलिकॉन गार झालं की आक्रसतं, क्लॅम्प ढिला पडतो, आणि इंजिन गार होताना तिथून हवा आत ओढली जाते. गरम असताना तोच जोड कोरडा ठणठणीत दिसतो. १ बार दाब, पंधरा मिनिटं, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू. जिथला ओला होईल तिथे स्प्रिंगचा ताण कायम ठेवणारा क्लॅम्प लावा.